गोल टेबलाची सिद्धता

"जेवण पार पडेपर्यंत एकही माणूस रुसून उठता कामा नये," आई म्हणाली, "तरच तू त्या संध्याकाळच्या बसनं जायचंस. नाहीतर घरी राहायचं, आणि मी सगळ्यांच्या समजुती काढत बसले की मला चहा करून द्यायचा."

तिच्या मुलीनं, म्हणजे संघाच्या कप्ताननं, हातातला खडू खाली ठेवला. सांघिक गणित स्पर्धेची अंतिम फेरी सोमवारी सकाळी, दुसऱ्या शहरात. बस रविवारी संध्याकाळी पाचची. आणि त्याच रविवारी दुपारी आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं जेवण. संघ चौघांचा, राखीव खेळाडू नाही. एक जरी कमी पडला तरी बाकीच्या तिघांनी घरी बसून टाळ्या वाजवायच्या, असा नियम होता.

"पण आई, कोण रुसतं ते माझ्या हातात कसं असेल?"

"का? जगातली सगळी गणितं सोडवता ना? मग एवढं सोडवा. आजीला सगळे एकाच गोल टेबलाभोवती बसलेले बघायचेत. वेगवेगळी टेबलं मांडली की तिला दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं. तर कोण कुठे बसणार, हे तुम्ही ठरवायचं."

आईचं म्हणणं अगदीच अन्यायाचं नव्हतं. मागच्या वेळी सगळे जमले तेव्हा आत्यानं मोठ्या काकूच्या नव्या पडद्यांकडे बघून "धुवायला काढलेले परत लावलेस वाटतं?" असं विचारलं होतं. मोठी काकू गोड पदार्थ येण्याआधी उठून स्वतःच्याच घरातून निघून गेली. पाहुण्यांना दार कुठून बंद करायचं ते कळेना.

कप्तानच्या खोलीत त्या वेळी संघ पूर्ण हजर होता, कारण तो तिथेच असायचा. एक होता पुरावा. त्याला कोणी "आज उकडतंय" म्हटलं तरी तो "कशावरून?" असं विचारायचा. दुसरी अंदाजे. तिचं उत्तर प्रश्न संपायच्या आत यायचं, आणि चिडायची गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा बरोबर असायचं. तिसरा शेष. निवड झाली तेव्हा तो शेवटी उरला होता म्हणून शेष. तो फारसा बोलायचा नाही, आणि बोलला तर बाकीचे बोलत असल्यामुळे कोणाला ऐकू यायचं नाही.

"कोणकोण येणार?" कप्ताननं फळा पुसला.

आईनं बोटांवर मोजत सांगितलं, "आजी. मोठे काका, मोठी काकू. आत्या आणि आतोबा. धाकटे काका, धाकटी काकू. आणि तुझे बाबा. झाले सगळे. तुम्ही चौघं बाजूच्या छोट्या टेबलावर बसा, तिथूनच सामान घेऊन निघायचंय ना! आणि एवढंच सांभाळा, की मोठी काकू आणि आत्या शेजारी नकोत."

कप्ताननं फळ्यावर आठ ठिपके काढले आणि मोठी काकू आणि आत्या यांच्यामध्ये लाल खडूनं रेघ ओढली.

"दोघींच्या मध्ये आजी, पलीकडे आतोबा, बाकी कसेही," अंदाजे म्हणाली. आई अजून दारातून बाहेर पडायची होती.

इथेच गोष्ट संपायला हवी होती. साध्यासुध्या मुलांच्या घरात ती संपलीही असती.

पण या संघाच्या काळजात एक काटा रुतलेला होता. उपांत्य फेरीत साखळी-प्रश्न असतो. पहिल्यानं आपलं उत्तर चिठ्ठीवर लिहून मागच्याला द्यायचं, मागच्यानं तो आकडा आपल्या गणितात घालायचा, असं चौथ्यापर्यंत. बोलायचं नाही. त्या फेरीत पहिला बसलेल्या शेषनं चिठ्ठीवर चुकीचा आकडा दिला आणि पुढच्या तिघांनी त्यावर अतिशय निर्दोष गणितं केली. संघ कसाबसा अंतिम फेरीत आला, पण तेव्हापासून गणिताच्या सरांनी एक मंत्र दिला होता: हातात आलेली माहिती तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

"ही माहिती तपासली कोणी?" पुरावानं विचारलं.

"आईनं सांगितलीये."

"म्हणजे एकाच बाजूनं आलीये. मोठ्या काकूंचं काय म्हणणं आहे? आत्यांचं काय आहे? कदाचित त्यांचं जमलंही असेल, आणि आपण उगाच एक रेघ धरून बसू."

कप्तानला ते पटलं. सांगायचं दुःख हेच, की ते सगळ्यांनाच पटलं. पुरावानं फोन लावला.

"नमस्कार काकू. मी तुमच्या पुतणीच्या संघातला. तुमचं आत्यांशी पटत नाही, अशी माहिती आमच्याकडे आलीये. ती बरोबर आहे का?"

पलीकडून मोठी काकू म्हणाली, "कोणी सांगितलं?"

"ते महत्त्वाचं नाही, काकू. आम्ही फक्त तपासतोय."

"धाकटीनं सांगितलं ना?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"नाही, असंही म्हटलेलं नाहीस! कळलं मला. सांग तिला, या वयात मला असली लावालावी चालायची नाही म्हणावं." आणि फोन बंद.

"त्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे," पुरावा खेदानं म्हणाला. "पण धाकट्या काकूंवर त्या रागावल्यात, ही नवी माहिती आहे. ती आता धाकट्या काकूंकडून तपासून घ्यायला हवी."

"हवी," कप्तान म्हणाली. दुसरी लाल रेघ तिनं तूर्तास तुटक काढली.

धाकटी काकू स्वभावानं गरीब. तिनं आधी पुरावाला तू जेवलास का, असं विचारलं. तो म्हणाला, "हो. काकू, मोठ्या काकूंना तुमच्याशी बोलायचं नाहीये, असं आत्ताच कळलं. तुमच्या बाजूनंही तसंच आहे का?"

"अगंबाई! आत्तापर्यंत तर नव्हतं."

"म्हणजे रेघ पुसू?"

"पुसतोस कशाला? ती कोण लागून गेली माझ्याशी न बोलणारी? आता मीच नाही बोलत जा! आणि काय रे, आत्याबाई काही म्हणाल्या का माझ्याबद्दल?"

"अजून विचारलं नाही," पुरावा प्रामाणिकपणे म्हणाला. "विचारतो."

त्यानं विचारलं. आत्याला विचारलं, की धाकट्या काकूंना त्यांच्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे ते हवंय. त्यावर आत्या म्हणाली, की आधी तिचं माझ्याबद्दल काय म्हणणं आहे ते मला हवंय, आणि असल्या चौकश्या मुलांकरवी करायची बुद्धी तिला कोणी दिली तेही हवंय. तिसरी लाल रेघ पक्की झाली. फळा रंगायला लागला.

उरलेल्या पुरुषांना अंदाजेनं फोन केले, कारण पुरावाचा घसा बसला होता. तिची पद्धत वेगळी. "मोठे काका, तुम्ही काकूंच्याच बाजूचे, असं धरून चालू का?"

"धरा," मोठे काका दमलेल्या आवाजात म्हणाले. "मला दुसरीकडे जागा आहे का?"

धाकट्या काकांनीही आपल्या बायकोची बाजू घेतली. ती शेजारीच उभी होती. आतोबा म्हणाले, "माझं सगळ्यांशी चांगलं आहे. मला कोणी काही विचारतच नाही." बाबांना विचारायला फोनही लागला नाही, ते बाहेरच्या खोलीत होते. "ताई मनानं साधी आहे गं, पडद्यांचं ती सहज बोलून गेली," एवढंच ते म्हणाले. पुरावानं बसक्या आवाजात एवढंच मोठ्या काकूंना फोन करून तपासून घेतलं. बाबा बहिणीच्या बाजूला गेले.

शेषनं मध्ये एकदा हात वर केला होता. "आपण एक ठिपका..." असं तो म्हणाला. पण तेव्हाच फोन वाजला आणि सगळे तिकडे वळले.

संध्याकाळी गणिताचे सर सरावासाठी आले आणि फळ्यासमोर थबकले. फळ्यावर एव्हाना लाल रेघांचं जाळं झालं होतं.

"वा! कुठल्या स्पर्धेतलं?"

"घरचं आहे, सर," कप्तान म्हणाली. "एका टेबलाभोवती बसवायचंय सगळ्यांना. जमत नाहीये."

सरांनी चष्मा पुसला. खुर्ची ओढली. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा असा खुलला, की कप्तानला आशा वाटली.

"जमणारच नाही!" सर आनंदानं म्हणाले. "बघा ना, किती साधं आहे. मोठे काका आणि काकू, हा एक तट. आत्या आणि तुझे बाबा, दुसरा. धाकटे काका आणि काकू, तिसरा. एका तटाचा माणूस दुसऱ्या तटाशेजारी बसणार नाही. गोलात तीन तट म्हणजे मध्ये जागा तीन. आणि सगळ्यांशी बोलणारी माणसं किती? आजी आणि आतोबा. दोनच! तीन भोकं, बुचं दोन. अशक्य! सिद्ध झालं. सुंदर!"

"खरंच सुंदर आहे," पुरावा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"सुंदर काय, सर? माझी बस चुकणार आहे," कप्तान म्हणाली. तेव्हा कुठे सरांच्या लक्षात आलं, की ती बस त्यांचीही होती.

इतक्यात आई आत आली. तिच्या हातात फोन होता, आणि तो वाजायचा थांबत नव्हता. तिनं फळ्याकडे बघितलं, मग एकेकाकडे बघितलं.

"मी एक रेघ दिली होती तुम्हाला," ती म्हणाली. "एक! माणसं जोडायला सांगितली की तोडायला?"

"आई, आम्ही फक्त तपासत..."

"एक अक्षर बोलू नकोस. रविवारी तिथे उभी राहा आणि तूच सांग सगळ्यांना काय ते. माझी अट तीच आहे."

रविवारी हॉलमध्ये पांढरं कापड घातलेलं मोठं गोल टेबल होतं आणि कप्ताननं कळवल्याप्रमाणे भोवती आठ खुर्च्या होत्या. त्यातल्या एका खुर्चीत आजी बसली होती. बाकी सगळे भिंतींना लागून उभे होते, तीन भिंतींना तीन तट. चौथ्या भिंतीपाशी आतोबा एकटेच उभे राहून छताकडे बघत होते. आई आत स्वयंपाक्याच्या मागे लागली होती. आजी म्हणाली, "बसा ना रे!" कोणीही हललं नाही.

कप्तान पुढे आली. संघाच्या वतीनं बोलायची तिला सवय होती.

"चूक आमची आहे. आम्ही सगळ्यांना फोन केले. पण आता उपाय नाही, कारण..." ती अडखळली.

"कारण हे कुटुंब एका टेबलाभोवती बसू शकत नाही, असं आम्ही सिद्ध केलंय," पुरावानं मदत केली.

"काय केलंय?" मोठी काकू भिंतीपासून सुटली.

"सिद्ध केलंय. सरांनीही बघितलंय."

"कोण सर? तो कोण आमचं घर सिद्ध करणारा?"

"आणि तू रे," आत्यानं पुरावाकडे बोट केलं, "तूच ना तो फोनवाला? आधी नमस्कार म्हणतो आणि मग..."

"वन्सं, तुम्हालाही नमस्कार म्हणाला?" मोठी काकू गर्रकन वळली. "मलाही म्हणाला! वर म्हणतो, आम्ही फक्त तपासतोय."

"अय्या, मलाही अगदी असंच!" धाकटी काकू पुढे आली. "आणि मी त्याला विचारतेय, जेवलास का म्हणून!"

"बसू शकत नाही म्हणे!" आत्या म्हणाली. "वहिनी, ये गं इकडे. बसून दाखवू यांना."

"बसतेच! बघू कोण उठवतं!"

आणि मोठी काकू आत्याच्या शेजारी बसली, धाकटी काकू मोठ्या काकूच्या पलीकडे बसली, पुरुषमंडळी सुटलो एकदाचे म्हणून उरलेल्या खुर्च्यांत कोसळली. आजी मधोमध हसत होती.

"पण काकू, तुम्ही तर त्यांच्याशेजारी..." पुरावा कळवळून म्हणाला.

"बसले! काय करशील?"

चौघांची रवानगी छोट्या टेबलावर झाली. मोठ्या टेबलावर जेवण असं रंगलं, की विचारू नका. विषय एकच होता, हल्लीची मुलं. त्या एका विषयावर त्या घराचं इतकं एकमत आजवर कशावरच झालं नव्हतं. पडद्यांचा विषयसुद्धा निघाला आणि आत्या म्हणाली, की खरंतर मला तो रंग आवडला होता, कुठून घेतलेस ते विचारायचं राहिलं.

चार वाजत आले. कप्तानची बस पाचची. अट अशी, की जेवण पार पडलं पाहिजे. आणि ज्या घराला आजवर गोड पदार्थापर्यंत टेबलाशी टिकता आलं नव्हतं, ते घर आज गोड खाऊन, पुन्हा एकदा गोड खाऊन, बोटं वाळली तरी उठायचं नाव घेत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच कप्तानला वाटलं, कोणीतरी थोडंसं रुसावं.

तेव्हा शेष बोलला. सगळे घड्याळाकडे बघत असल्यामुळे या वेळी तो ऐकू आला.

"काकू बाहेर पायरीवर बसल्यात."

"कुठल्या काकू?"

"तुझी आई."

"फोनवर बोलतेय?"

"नाही. नुसत्याच बसल्यात. जेवल्या नाहीत. मी त्या दिवशी म्हणत होतो ना, की आपण एक ठिपका काढलाच नाही." त्यानं मोठ्या टेबलाकडे बोट केलं. "खुर्च्या आठ."

कप्ताननं मोजलं. आजी, मोठे काका, मोठी काकू, आत्या, आतोबा, धाकटे काका, धाकटी काकू, बाबा. आई नव्हती. मघापासून आई भांडी घेऊन आत-बाहेर करत होती, सगळे तिला "ते जरा इकडे सरकव गं" म्हणत होते, आणि मग कधीतरी ती बाहेर गेली होती.

"म्हणजे एक माणूस रुसला," अंदाजे पुटपुटली. "संपलं."

"थांबा, थांबा," पुरावा म्हणाला. "अट काय आहे? रुसून *उठता* कामा नये. उठायला आधी बसावं लागतं. काकू बसल्याच नव्हत्या. अट मोडलेली नाही! आपण निघू शकतो."

तर्क निर्दोष होता. कप्ताननं त्याच्याकडे असं बघितलं, की त्याला स्वतःच्या निर्दोषपणाची लाज वाटली.

आई पायरीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती.

"आई, तू जेवली नाहीस?"

"कशावर बसून?"

कप्तान तिच्या शेजारी बसली. बोलायला तिला अगदीच चुकीचं सुचलं. "पण आई, यादी तर तूच सांगितली होतीस."

"हो. मीच सांगितली. स्वतःला मोजायची सवय नाही मला." आई म्हणाली. "पण तू तपासायची होतीस ना? सगळ्या जगाला फोन करून तपासलंस. मला एक फोन नाही केलास."

कप्तानला रडू आलं. खरंखुरं, नाक वाहणारं. "चुकलं गं माझं. आणि माहितीये का, तू असतीस तर जमत होतं! तीन तट होते आणि मध्ये बसायला माणसं दोनच, म्हणून अशक्य. तिसरी तू होतीस. तुझं सगळ्यांशी..."

"ते मला लग्न झाल्यापासून माहीत आहे," आई म्हणाली. मग तिनं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. "अगं, तुझी बस!"

"जाऊ दे बस. आधी तू बस."

कप्ताननं छोट्या टेबलाची आपली खुर्ची उचलून आणली आणि आजी आणि आतोबांच्या मध्ये घुसवली. आई बसली. ताट आलं. टेबलावरच्या सगळ्यांना एकदमच वाचा फुटली.

"अगं, तू जेवली नव्हतीस?" बाबा अर्धवट उठले, पण उठून काय करायचं ते न कळून परत बसले.

"मी मघाशीच म्हणणार होते," मोठी काकू म्हणाली, "की ही दिसत नाही कुठे."

"म्हणणार होतीस. म्हणाली तर नाहीस," आत्या म्हणाली.

"म्हणजे? तुमच्या लक्षात तरी आलं होतं का, वन्सं?"

"माझ्या माहेरच्या माणसांची काळजी मला तुझ्याकडून शिकायला नको!"

"असं? बरं, बरं." मोठी काकू ताडकन उभी राहिली.

छोट्या टेबलावर अंदाजेनं डोळे मिटले. आईनं शांतपणे शेवटचा घास तोंडात घातला, चावला, पाणी प्यायली आणि नॅपकिननं तोंड पुसलं.

"माझं जेवण झालं," ती म्हणाली. "माझं शेवटी होतं. म्हणजे सगळ्यांचं पार पडलं. यापुढे कोण उठतंय ते माझ्या अटीत येत नाही. वहिनी, वन्सं, समजुती आज तुम्हीच एकमेकींच्या काढा. चहा हे करतील." तिनं बाबांपुढे हात पसरला. "गाडीची किल्ली द्या."

बाबांनी दिली.

गाडीत पुढे आईशेजारी अंदाजे बसली, मागे बाकीचे तिघं आणि मांडीवर बॅगा. सरांचा फोन आला. सर कुजबुजत होते, "ड्रायव्हरला मी एक कोडं घातलंय. तो विचार करतोय तोवर बस हलणार नाही. पण लवकर या, हुशार आहे तो!" आईनं गाडी जोरात काढली.

गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर पुरावानं घसा खाकरला.

"काकू, एक शंका होती. मोठ्या काकू उभ्या राहिल्या, तेव्हा तुमच्या ताटात एक घास शिल्लक होता. म्हणजे काटेकोरपणे बघितलं तर जेवण अजून..."

आईनं गाडीचा वेग कमी केला. आरशातून त्याच्याकडे बघितलं. "थांबवू का?"

पुरावानं कप्तानकडे बघितलं. कप्तान समोर बघत होती. तिचे डोळे अजून लाल होते.

"नको काकू," तो म्हणाला. "जेवण झालं होतं."

"तपासलंस?"

"नाही," पुरावा म्हणाला, आणि बॅग घट्ट धरून खिडकीबाहेर बघत बसला.